जुनी मोटार घेताना काय वाचावे: चेसिस नंबर, नंबर प्लेट आणि टायरची हवा

पहिल्यांदाच जुनी मोटार घेणारा माणूस रंग पाहतो, एसी लावून पाहतो, किलोमीटरचा आकडा पाहतो, एक चक्कर मारतो आणि थेट किमतीच्या बोलण्यावर येतो. कागदपत्रांचे एजंट बघेल आणि टायरचे टायरवाला बघेल, असे त्याने मनाशी धरलेले असते. वास्तविक गाडीची ओळख आणि तिच्या टायरांची अवस्था या दोन्ही गोष्टी गाडीच्याच अंगावर लिहिलेल्या असतात, आणि त्या वाचायला मेकॅनिक असावे लागत नाही. महाराष्ट्रात नोंदणी झालेली खासगी चारचाकी घेताना ही वाचणी कोणत्या क्रमाने करावी, ते पुढे दिले आहे. टॅक्सी, टेम्पो वगैरे व्यावसायिक वाहनांचे परमिट आणि फिटनेस हे वेगळे प्रकरण आहे. ते येथे घेतलेले नाही.

१. निघण्यापूर्वी: कागदपत्रे आणि साहित्य

विक्रेत्याकडे पुढील कागदपत्रे आधीच मागून ठेवावीत. शक्यतो मूळ प्रती पाहाव्यात, मोबाइलवर आलेल्या फोटोंवर भागवू नये.

- आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र
- चालू विमा पॉलिसी
- पीयूसी प्रमाणपत्र
- गाडीवर कर्ज असल्यास किंवा पूर्वी असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५
- सर्व्हिसची बिले, असतील तर

स्वतःबरोबर एक टॉर्च, जुने सुती कापड, मऊ शिसाची पेन्सिल, रुंद पारदर्शक चिकटपट्टी, पांढरा कोरा कागद आणि स्वतःचा हवेचा गेज न्यावा. गेजची किंमत किरकोळ असते आणि तो पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडतो. गाडी पाहायला सकाळी जावे आणि ती रात्रभर उभी असावी, असे विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. त्याचे कारण सातव्या पायरीत येईल.

२. चालकाचा दरवाजा उघडून खांब पाहावा

पुढचा आणि मागचा दरवाजा यांच्या मधल्या खांबावर किंवा दरवाजाच्या कडेला बहुतेक गाड्यांमध्ये दोन गोष्टी आढळतात. एक म्हणजे कंपनीची पट्टी किंवा स्टिकर, ज्यावर सतरा अक्षरी चेसिस नंबर, म्हणजे त्या गाडीचा स्वतःचा ओळख क्रमांक, छापलेला असतो. दुसरा म्हणजे टायरच्या हवेचा तक्ता. त्यात टायरचा आकार, पुढच्या आणि मागच्या चाकांचा दाब, आणि पुष्कळदा कमी माणसे व पूर्ण भार यांसाठीचे वेगवेगळे आकडे दिलेले असतात. काही कंपन्या हा तक्ता पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लावतात. दोन्हींचा स्पष्ट फोटो काढावा, कारण पुढच्या सर्व पायऱ्यांत याच दोन गोष्टींशी मेळ घालायचा आहे.

खांबावरची पट्टी ही अंतिम पुरावा मानू नये. ती चिकटवलेली किंवा रिव्हेटने ठोकलेली असते, म्हणजे काढून दुसरी लावता येते. खरा नंबर गाडीच्या पत्र्यात कोरलेला असतो.

३. पत्र्यात कोरलेला चेसिस नंबर शोधावा

जागा मॉडेलनुसार बदलते. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो बॉनेट उघडल्यावर इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावर, म्हणजे फायरवॉलवर दिसतो. काहींत पुढच्या सीटखाली कार्पेटला कापलेली एक छोटी झडप उचलली की सापडतो. आणि स्वतंत्र चौकटीवर बांधलेल्या मोठ्या गाड्यांत उजव्या पुढच्या चाकाजवळ, चौकटीच्या बाजूवर असतो. वापरपुस्तिकेत जागा चित्रासह दिलेली असते. विक्रेत्याला जागा माहीत नसणे यात संशयास्पद काही नाही. बहुतेक मालकांनी तो नंबर कधी पाहिलेलाच नसतो. मात्र जागा सापडल्यावर तो पाहू देण्यास कोणी कुरकुर करू लागला, तर पुढे न जाणे उत्तम.

नंबरवर धूळ आणि तेल बसलेले असते. ते कापडाने, लागल्यास थोडे रॉकेल लावून पुसावे. सॅंडपेपर लावू नये, कारण घासल्याच्या खुणा पुढे तुमच्याच माथी येतील. टॉर्च तिरपी धरली म्हणजे अक्षरांची खोली दिसते. पुढील गोष्टी बारकाईने पाहाव्यात:

- सर्व अक्षरे एकाच खोलीची आणि एका ओळीत आहेत का. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत अक्षरे बारीक ठिपक्यांनी बनलेली असतात. मग सगळीच तशी असली पाहिजेत.
- नंबराभोवतीचा रंग शेजारच्या पत्र्यापेक्षा ताजा, जाड किंवा वेगळ्या छटेचा आहे का.
- नंबराच्या पट्ट्याभोवती वेल्डिंगची रेघ, पुटीचा थर किंवा ग्राइंडरच्या समांतर रेषा आहेत का.

यांपैकी एकही गोष्ट आढळली तर सौदा तेथेच थांबवावा. अपघातानंतरच्या दुरुस्तीचे कारण पुढे केले जाते आणि ते क्वचित खरेही असते, पण त्याची शहानिशा करण्याचा भार खरेदीदाराने स्वतःवर घेण्याचे कारण नाही.

सीटखालचे कार्पेट उचललेच आहे, तर आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात आलेल्या पुरांत असंख्य मोटारी बुडाल्या. अशी गाडी वरून कितीही चकचकीत केली, तरी सीटच्या रेलमध्ये, बोल्टच्या खाचांत आणि कार्पेटखालच्या फेल्टमध्ये पिवळसर बारीक गाळ राहतो आणि कोरलेल्या नंबरावर गंजाचे फोड येतात.

४. सतरा अक्षरांचा अर्थ लावावा

चेसिस नंबरात इंग्रजी अक्षरे आणि आकडे मिळून सतरा चिन्हे असतात. त्यांत आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे कधीही वापरली जात नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. हा नियम लक्षात ठेवला तर बराच मनस्ताप वाचतो: परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवर एखादी सेवा घेताना चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे विचारले जातात, तेथे लोक शून्याऐवजी ओ टाकतात आणि माहिती जुळत नाही असा संदेश आला की आरटीओला दोष देत बसतात. इंजिन नंबराला मात्र हा नियम लागू नाही. तेथे ही अक्षरे येऊ शकतात.

पहिली तीन चिन्हे उत्पादकाची असतात. भारतात बनलेल्या गाडीचा नंबर साधारणपणे एम या अक्षराने सुरू होतो: एमए३ म्हणजे मारुती सुझुकी, एमएएल म्हणजे ह्युंदाई, एमएटी म्हणजे टाटा मोटर्स, एमए१ म्हणजे महिंद्रा, एमएके म्हणजे होंडा. एखाद्या कंपनीला एकाहून अधिक संकेतही असतात. पुढची सहा चिन्हे मॉडेल, बॉडी, इंजिन यांचे वर्णन करतात, आणि शेवटची आठ ती विशिष्ट गाडी दाखवतात.

आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार दहावे चिन्ह वर्षाचे असते: २०१० साठी ए, २०११ साठी बी, असे करत २०१७ ला एच, मग आय वगळून २०१८ ला जे, २०१९ ला के, २०२० ला एल, २०२१ ला एम, २०२२ ला एन, आणि ओ वगळून २०२३ ला पी. येथे एक सावधगिरी हवी. भारतातील काही उत्पादक महिना आणि वर्ष स्वतःच्या पद्धतीने, वेगळ्या स्थानी देतात. त्यामुळे दहावे अक्षर जुळले नाही म्हणून लगेच फसवणुकीचा निष्कर्ष काढू नये. त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर सांगून उत्पादनाचा महिना विचारावा.

उत्पादनाचा महिना आणि नोंदणीचा दिनांक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डिसेंबरात बनलेली गाडी मार्चमध्ये नोंदली गेली, तर विक्रेता नोंदणीचे वर्ष सांगून भाव मागतो. आरसीवर उत्पादनाचा महिना व वर्ष छापलेले असते. भाव त्यावरून ठरवावा.

५. पेन्सिलची छाप घ्यावी

दुसऱ्या राज्यात गाडी नेण्यासाठी लागणाऱ्या ना-हरकत अर्जात, म्हणजे फॉर्म २८ मध्ये, चेसिस नंबरची पेन्सिल छाप चिकटवायची असते. छाप एजंट दोन मिनिटांत काढतो, म्हणून ती अवघड आहे असा समज पसरला आहे. पुसलेल्या कोरड्या नंबरावर पेन्सिलीचे शिसे आडवे धरून हलके घासावे, म्हणजे उंच पृष्ठभाग काळा होतो आणि खोलगट अक्षरे कोरी राहतात. त्यावर चिकटपट्टी एका बाजूने लावत न्यावी, अंगठ्याने दाबावी, सावकाश उचलावी आणि पांढऱ्या कागदावर चिकटवावी. अक्षरे काळ्यावर पांढरी आणि सरळ वाचता येतील अशी उमटतात. पट्टी मध्ये दुमडली तर दुसरी घ्यावी; अर्धवट छाप काउंटरवर परत येते.

तुम्हाला ना-हरकत पत्र नको असले तरीही छाप घ्यावी असे माझे मत आहे. फोटोत न दिसणारी पुसटशी दुरुस्ती छापेत चटकन दिसते: खाडाखोड केलेल्या अक्षराच्या तळाशी जुन्या अक्षराची कड उमटते.

६. इंजिन नंबर, नंबर प्लेट आणि ऑनलाइन नोंद

इंजिन नंबर इंजिनाच्या ब्लॉकवर असतो आणि पुष्कळदा वरून दिसत नाही. तो मेकॅनिककडून पाहून घ्यावा. इंजिन बदललेले असेल तर नव्या नंबराची नोंद आरसीवर झालेली असली पाहिजे, नाहीतर विम्याचा दावा करताना प्रकरण अडकते.

१ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना अतिसुरक्षित नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, कारखान्यातूनच येते. त्याआधीच्या गाड्यांना ती बसवून घेण्याची मुदत महाराष्ट्रात २०२५ मध्ये वारंवार वाढवली गेली, आणि चारचाकीसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी असा दर ठरला. खऱ्या प्लेटवर डाव्या वरच्या कोपऱ्यात अशोकचक्राचा क्रोमियम होलोग्राम असतो, डाव्या खालच्या बाजूला लेसरने कोरलेला क्रमांक असतो आणि प्लेट पुन्हा न उघडणाऱ्या लॉकने बसवलेली असते. पुढच्या आणि मागच्या प्लेटचा लेसर क्रमांक वेगवेगळा असतो. दोन्हीकडे एकच दिसला तर ती नक्कल समजावी. बाजारात होलोग्रामसारखे स्टिकर लावलेल्या प्लेट सर्रास मिळतात, आणि स्क्रूने बसवलेली तथाकथित एचएसआरपी हा त्यांतलाच प्रकार असतो.

समोरच्या काचेवरचा स्टिकरही, म्हणजे दोन प्लेटनंतरची तिसरी नोंदणी खूण, वाचावा. त्यावर नोंदणी क्रमांकाबरोबर इंजिन आणि चेसिस नंबर असतो. त्याचा रंग पेट्रोल व सीएनजीसाठी फिकट निळा, तर डिझेलसाठी केशरी असतो.

एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा पाहावा. थकीत ई-चलन राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर दिसते; तेथे चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. थकबाकी विक्रेत्याने भरल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ‘नंतर कापून घेऊ’ हे वाक्य ऐकून गप्प बसणाऱ्यालाच पुढे ती भरावी लागते.

७. टायर वाचावा, मग हवा मोजावी

टायरच्या बाजूवर १८५/६५ आर१५ ८८एच असे काही लिहिलेले असते. टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, रचना रेडियल, रिम १५ इंची, ८८ हा भारांक म्हणजे एका टायरवर कमाल ५६० किलो, आणि एच म्हणजे ताशी कमाल २१० किलोमीटर. हा आकार खांबावरच्या तक्त्याशी जुळला पाहिजे. दिसायला भारदस्त म्हणून रुंद टायर घातलेले असतील तर तक्त्यातला दाब त्यांना तंतोतंत लागू पडत नाही, हे ध्यानात घ्यावे.

डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या संकेताच्या शेवटी चार आकडे असतात: ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. हे आकडे टायरच्या एकाच बाजूवर असतात, तेव्हा बाहेरून दिसले नाहीत तर गाडीखाली वाकून आतली बाजू पाहावी. नक्षीच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली आणि टायर बदलायला झाला. नक्षी भरपूर पण रबराला बारीक भेगा, असा टायर जास्त उभ्या राहिलेल्या गाडीचा असतो.

आता हवा. तक्त्यातला दाब हा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना किंवा जेमतेम एक-दोन किलोमीटर चालल्यावरचा. म्हणूनच सकाळची वेळ. चालून तापलेल्या टायरमधला दाब काही पीएसआयने (पीएसआय हे दाबाचे एकक) वाढलेला असतो. तो जास्त वाटला म्हणून हवा सोडली, तर थंड झाल्यावर टायर कमी हवेचा ठरतो. मे महिन्यात समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने नागपूरकडे निघालेल्या गाडीला कमी हवा सर्वांत घातक, कारण टायरची बाजू सतत दुमडून तापत राहते. म्हणून उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी हा पारंपरिक सल्ला ऐकू नये.

टायरच्या बाजूवर कमाल दाबाचाही एक आकडा असतो. तो टायरची मर्यादा सांगतो. भरायची हवा तक्त्याप्रमाणेच भरावी. पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा गाडी न पाहताच ‘पस्तीस मारू का?’ विचारतो आणि आपण मान डोलावतो. मशिनवर तक्त्यातला आकडा लावायला सांगावा, पुढचा आणि मागचा वेगळा असेल तर तसा सांगावा, आणि नंतर स्वतःच्या गेजने ताडून पाहावे. काही तक्ते बारमध्ये असतात. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. हवा भरल्यावर व्हॉल्व्हच्या तोंडाला साबणाचे पाणी, ते नसेल तर पंक्चरवाल्यासारखी थुंकी लावावी. बुडबुडा फुगला तर व्हॉल्व्हची पिन गळते आहे. स्टेपनी तर हमखास मोजावी. काही गाड्यांची स्टेपनी बारीक असते, तिचा दाब आणि वेगमर्यादा तिच्यावरच लिहिलेली असते.

नायट्रोजनबद्दल विचारणा होते म्हणून सांगतो: साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. फुकट मिळाला तर घ्यावा. त्यासाठी रांग लावावी असे काही नाही.

८. टायरचा दाब सांगणारी यंत्रणा तपासावी

टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टिम, अर्थात टीपीएमएस, अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. भारतात अशी सरसकट सक्ती नाही. मात्र २०२० च्या नियमबदलानुसार ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि ही यंत्रणा असलेल्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. तेव्हा डिकीत स्टेपनी नाही म्हणून विक्रेत्यावर डोळे वटारण्याआधी ती गाडी या प्रकारची आहे का, ते पाहावे. असेल तर दुरुस्तीचा संच जागेवर असल्याची खात्री करावी.

यंत्रणा दोन प्रकारची असते. थेट प्रकारात प्रत्येक चाकात व्हॉल्व्हला जोडलेला सेन्सर दाब मोजून रेडिओ लहरीने पाठवतो आणि समोर प्रत्येक चाकाचा आकडा दिसतो. अप्रत्यक्ष प्रकारात दाब मोजलाच जात नाही. कमी हवेचा टायर किंचित लहान होतो आणि म्हणून जास्त वेगाने फिरतो, हे एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरांवरून ओळखून दिवा लावला जातो. चारही टायरांतली हवा सारखीच कमी झाली तर ही पद्धत चकू शकते.

खरेदीच्या वेळचा सापळा येथेच आहे. अप्रत्यक्ष यंत्रणेला हवा भरल्यावर रीसेट करावे लागते, आणि रीसेटच्या वेळी जो दाब असेल तोच ती बरोबर मानते. कमी हवेवर रीसेट केले की दिवा विझतो आणि गाडी निर्दोष दिसते. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी गेजने चारही टायर मोजावेत, तक्त्याप्रमाणे भरावेत, मग स्वतः रीसेट करावे आणि नंतरच चक्कर मारावी.

इग्निशन चालू करताच उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर दिवाच बंद केलेला असण्याची शक्यता आहे. तो बराच वेळ लुकलुकून मग स्थिर राहिला, तर दोष बहुधा हवेत नसून यंत्रणेत असतो. थेट प्रकारात अनेकदा सेन्सरची बॅटरी संपलेली असते. बऱ्याच सेन्सरांत ती वेगळी बदलता येत नाही, आख्खा सेन्सर बदलावा लागतो, म्हणून त्या खर्चाची तजवीज किमतीतच करून घ्यावी. टायर उतरवताना टायरवाल्याला आत सेन्सर असल्याचे आधी सांगावे, नाहीतर मशिनचा दांडा व्हॉल्व्हपाशीच पडतो. पंक्चर बंद करणारे द्रव टाकण्यापूर्वी ते सेन्सरला चालणारे आहे का, तेही विचारावे.

यंत्रणा नसलेल्या गाडीला व्हॉल्व्हवर टोपणासारखे बसणारे बाहेरचे सेन्सर बाजारात मिळतात. ते उपयोगी आहेत, पण चोरीला जातात आणि व्हॉल्व्हची पिन सतत दाबून ठेवत असल्याने नीट बसले नाहीत तर स्वतःच हवा गळवतात. बसवल्यावर साबणाचे पाणी लावून पाहावे. अशा यंत्रणेचा आकडा आणि गेजचा आकडा एकदोन पीएसआयने वेगळा येतो. फरक त्याहून जास्त असेल तर गेजवर विश्वास ठेवावा.

९. नावावर करून घेताना

फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० यांवर विक्रेत्याच्या सह्या घ्याव्यात. कोऱ्या फॉर्मवर स्वतः मात्र सही करू नये. हस्तांतरणाची सूचना विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत द्यायची असते. विमा स्वतःच्या नावावर करण्याचा अर्जही १४ दिवसांत करावा. नवी आरसी हातात आली की तिच्यावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर एकेक अक्षर मोठ्याने वाचून पेन्सिल छापेशी जुळवावा. टंकनाची चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्यावा, कारण विमा कंपनीकडे तोच चुकीचा नंबर गेला म्हणजे दुरुस्ती दोन ठिकाणी करत बसावी लागते.